मामाचं टेस्टिंग मशीन आणि दोन कोअरची गोष्ट

परवा सिन्नरहून मामाचा फोन आला. "अरे, तो टेस्टिंगचा कॉम्प्युटर गेला एकदाचा. बटण दाबलं तरी पंखासुद्धा फिरत नाही. कधी येतोस?"

मी म्हटलं, शनिवारी बघतो. फोन ठेवला आणि मग लक्षात आलं की तो कॉम्प्युटर २००७ साली मीच नाशिकहून विकत घेऊन एसटीत मांडीवर ठेवून नेला होता. मधे दोनदा पॉवर सप्लाय बदलला, एकदा हार्ड डिस्क. बाकी तोच. कारखान्यातल्या पितळेच्या भुशात आणि मे महिन्याच्या उन्हात एवढी वर्षं काढली म्हणजे कमालच. त्या डब्याची एक गोष्ट आहे. बरीच वर्षं लिहीन लिहीन म्हणत होतो, पण त्यात माझी स्वतःची शोभा झालेली असल्यामुळे टाळत होतो. आज शनिवार आहे, दुसरा चहा झालाय, लिहूनच टाकतो.

मामाचा कारखाना माळेगावच्या एमआयडीसीत आहे. कारखाना म्हणजे एक शेड, चार लेथ, दोन ड्रिल, आणि कोपऱ्यात पत्र्याच्या पार्टिशनमागे टेस्टिंग. कॉम्प्रेसरला लागणारे छोटे पितळी व्हॉल्व्ह बनतात. प्रत्येक व्हॉल्व्ह गळतो का ते बघायचं. व्हॉल्व्हमध्ये सहा बार दाबाची हवा भरायची, तोंड बंद करायचं, वीस सेकंद थांबायचं आणि दाब किती उतरला ते बघायचं. फार उतरला तर माल बाद. पूर्वी हे सगळं काट्याच्या गेजवर चालायचं. काटा बघायचा आणि वहीत टिक करायची.

२००२ साली मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि प्रोजेक्टला विषय हवा होता. मामा म्हणाले, कर की आमचंच काहीतरी. मग मी एक खोकं बनवलं. आठ चॅनेलचं, बारा बिटचं. दाबाच्या सेन्सरकडून आलेलं व्होल्टेज मोजायचं, त्याचा ० ते ४०९५ मधला आकडा करायचा आणि प्रिंटरच्या पॅरलल पोर्टमधून कॉम्प्युटरला द्यायचा. ज्यांनी हे उद्योग केले आहेत त्यांना आठवेल, पॅरलल पोर्टला आत येणाऱ्या तारा पाचच. म्हणजे बारा बिट एकदम वाचता येत नाहीत. चार-चार बिटांचे तीन तुकडे करून वाचायचे. आधी खालचा, मग मधला, मग वरचा. आणि प्रत्येक वेळी खोक्याला सांगायचं की बाबा, आता कुठला तुकडा दाखव. माझ्या खोक्यातले ऑप्टोकपलर स्वस्तातले आणि सुस्त होते, म्हणून मधे मधे थांबावं लागायचं. एका वाचनाला सगळं मिळून साधारण एक मिलिसेकंद जायचा.

चॅनेल तीनवर व्हॉल्व्हमधला दाब. चॅनेल शून्यवर कॉम्प्रेसरच्या मुख्य लाइनचा दाब. मुख्य लाइन पडली तर लाल दिवा लागला पाहिजे, म्हणून ड्रायव्हरमध्ये एक टायमर टाकला होता. तो दर दहा मिलिसेकंदांनी आपला आपण चॅनेल शून्य वाचायचा. (दहा मिलिसेकंदांनी कशाला? सेकंदातून एकदा पुरलं असतं. पण विद्यार्थी होतो, वेग म्हणजे भारी असं वाटायचं.)

आता इथे गोम आहे. समजा टेस्टिंगचा प्रोग्राम चॅनेल तीन वाचतोय, पहिला तुकडा घेऊन झालाय, आणि तेवढ्यात टायमर टपकला. त्याने खोक्याला चॅनेल शून्यवर वळवलं, आपलं वाचन उरकलं आणि निघून गेला. प्रोग्रामला यातलं काहीच कळत नाही. तो उरलेले दोन तुकडे वाचतो, ते मात्र आता चॅनेल शून्यचे आहेत. धड हे नाही की धड ते नाही.

हे मला तेव्हाही माहीत होतं. रुबिनी आणि कॉर्बेट यांच्या लिनक्स ड्रायव्हरच्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीची झेरॉक्स माझ्याकडे होती, तिची पानं सुटेपर्यंत वाचली होती. उपाय सोपा होता. वाचायला सुरुवात करण्याआधी ‘सीएलआय’ म्हणायचं, म्हणजे प्रोसेसर इंटरप्ट घेणं बंद करतो. टायमर येऊच शकत नाही. तीन तुकडे वाचून झाले की इंटरप्ट परत चालू करायचे. पेंटियम थ्री, रेड हॅट ७.३, कर्नल २.४. पाच वर्षं एकही तक्रार नाही. प्रोजेक्टला चांगले मार्क मिळाले. मामा पाहुण्यांना टेस्टिंगची खोली दाखवायला न्यायचे.

२००७ च्या उन्हाळ्यात तो पेंटियम थ्री गेला. लोडशेडिंगचे दिवस होते, वीज दिवसातून कितीदा जायची-यायची त्याला धरबंध नव्हता, मदरबोर्ड किती सोसणार. मी तोवर पुण्यात नोकरीला लागलो होतो आणि घरी सगळ्यांच्या मते ‘कॉम्प्युटरमधला’ होतो. नाशिकला दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, आता हेच घ्या, कोअर टू ड्युओ, एकात दोन प्रोसेसर.

एकात दोन! मी शाळेत असताना पुण्याच्या सी-डॅकने ‘परम ८०००’ बनवला होता, १९९१ साली. त्याचे फोटो पेपरात आले होते. अनेक प्रोसेसर एका कामाला जुंपलेला कॉम्प्युटर म्हणजे आमच्या डोक्यात एसी खोली, पांढरे कोट आणि विजय भटकर. तो प्रकार आता सिन्नरला पितळेच्या भुशात, टेस्टिंगच्या टेबलाखाली बसणार होता. मला गंमत वाटली होती. (‘परम’मध्ये प्रत्येक ट्रान्सप्युटरची मेमरी स्वतंत्र होती आणि ते एकमेकांना निरोप पाठवून बोलायचे. एकाच मेमरीत आणि एकाच पोर्टवर दोघांनी हात घालायचा हा प्रकार तिथे नव्हता. हे शहाणपण मला नंतर सुचलं.)

नव्या मशीनवर कर्नल २.६.१८ टाकलं, ड्रायव्हरचा जुना कोड सीडीवरून काढला आणि कंपाइल करायला घेतला. ढीगभर एरर. बऱ्याचशा किरकोळ होत्या, तासाभरात निस्तरल्या. शेवटी एक उरली. मॉड्यूल लोड होईना, ‘सीएलआय’ नावाचं काही मला माहीतच नाही असं कर्नल म्हणत होतं.

इथे मी थांबून विचार करायला हवा होता. का माहीत नाही? पाच वर्षांपूर्वी होतं, मग काढलं कोणी आणि कशासाठी?

शनिवारची संध्याकाळ होती. मामी जेवायला हाका मारत होत्या. मी नेटवर शोधलं, कुणीतरी म्हटलं होतं की त्याच्याऐवजी आता ‘लोकल आयआरक्यू डिसेबल’ लिहायचं. लिहिलं. कंपाइल झालं, लोड झालं. दहा मिनिटं व्हॉल्व्ह लावून बघितले, आकडे चोख. काटा आणि स्क्रीन तंतोतंत.

त्या ‘लोकल’ शब्दाकडे मी साफ दुर्लक्ष केलं.

टेस्टिंगला जे बसायचे त्यांना सगळे भाऊ म्हणायचे. पन्नाशीचे, मितभाषी. घरी बायको विड्या वळायची, मुलगी बारावीला होती. ते जुन्या काळापासून काट्यावर टेस्टिंग करत आलेले, आणि कॉम्प्युटर आल्यावरही डोळा काट्याकडेच. मी निघताना त्यांना मोठ्या रुबाबात सांगितलं, "भाऊ, आता काट्याकडे बघत बसू नका. स्क्रीनवर येईल तेच वहीत लिहायचं." ते बरं म्हणाले. रविवारी दुपारच्या एसटीने मी पुण्याला.

महिनाभराने मामाचा फोन. ग्राहकाकडून माल परत आला होता. सात व्हॉल्व्ह गळके निघाले आणि त्यांनी अख्खा लॉट परत पाठवला. मामांचं हे सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. मामांनी वही काढली, लॉटचे नंबर जुळवले. सातही नग दुसऱ्या पाळीतले. सातांसमोर ‘पास’ आणि भाऊंची सही.

"म्हातारा झाला, लक्ष लागत नाही," मामा म्हणाले. त्यांनी भाऊंना टेस्टिंगवरून काढून घासकामाला बसवलं होतं. कास्टिंगचे काठ कानशीने घासायचे. नव्या लागलेल्या पोराचं काम. पगार तेवढाच ठेवला, पण दुसऱ्या पाळीचा भत्ता गेला. आणि गेल्या वीस वर्षांत त्यांनी तपासलेला माल कधी परत आला नव्हता, तेही गेलं. ते मामा बोलले नाहीत, पण शेडमध्ये सगळ्यांना कळलं होतं.

मी विचारलं, भाऊ काय म्हणतात? मामा हसले. "तो काहीतरीच बोलतो. म्हणतो, पोरं कॉम्प्युटरवर गाणी लावतात तेव्हा मशीन खोटं बोलतं."

ते वाक्य ऐकून पोटात खड्डा पडला. का ते लगेच कळलं नाही. पण पोटाला डोक्याच्या आधी कळलं होतं खास.

त्या शुक्रवारी रात्री शिवाजीनगरहून गाडी पकडली. नारायणगाव, संगमनेर, नांदूर शिंगोटे, झोप काही आली नाही. पहाटे सिन्नरला उतरलो. मामांच्या घरी चहा घेतला आणि थेट शेडवर. माझा प्रोग्राम प्रत्येक टेस्टचे दर सेकंदाचे आकडे फाइलमध्ये लिहून ठेवायचा. (विद्यार्थिदशेत केलेलं एवढं एकच शहाणपणाचं काम.) परत आलेल्या सात नगांचे आकडे काढले.

पहिल्याच नगात दिसलं. दाब हळूहळू उतरतोय, नग गळका आहे हे स्वच्छ दिसतंय, आणि विसाव्या सेकंदाला एकदम वर उडी. १४४३ यायला हवा होता तिथे १७७९. बंद भांड्यातली हवा आपणहून वाढत नसते. प्रोग्राम निकाल शेवटच्या आकड्यावर लावायचा, त्यामुळे नग पास. दुसऱ्या नगातही तेच, तिसऱ्यातही. मधल्या सेकंदांतही अशा उड्या होत्या, पण त्यांच्याकडे कोण बघतंय.

मग फरक काढले. ३३६. म्हणजे १६ गुणिले २१. पुढचा काढला, तोही १६ च्या पटीत. जवळजवळ सगळे १६ च्या पटीत. चार बिट म्हणजे सोळा. खालचा तुकडा बरोबर येतोय आणि वरचे दोन तुकडे कुठूनतरी दुसरीकडून. कुठून ते उघडच होतं. मुख्य लाइनचा दाब कायम सहा बारच्या आसपास. गळक्या व्हॉल्व्हच्या आकड्याला भरलेल्या लाइनचे वरचे दोन तुकडे चिकटत होते. म्हणजे चूक व्हायची ती नेहमी ‘पास’च्या बाजूने. याहून वाईट चूक मी ठरवूनही करू शकलो नसतो.

आता ‘लोकल’ची भानगड. आमच्या आजोळची विहीर सामाईक आहे, दोन भावांत. आजोबांच्या काळी विहीर एकट्या पणजोबांची होती. तेव्हा पिकाला पाणी देताना घरातल्या पोरांना एवढंच दटावायचं की मला मधे हाक मारू नका. झालं. ‘सीएलआय’ म्हणजे हेच. एकच माणूस, त्याचं लक्ष विचलित करू नका. वाटणी झाली, विहिरीवर दोन भाऊ आले. आता थोरल्याने आपल्या घरातल्या पोरांना कितीही दटावलं तरी धाकटा तिकडून येऊन मोटरचा पाइप आपल्या वावराकडे वळवणारच. त्याला थोरल्याच्या घरातल्या दटावणीशी काय देणंघेणं? म्हणून तिथे स्टार्टरच्या पेटीला कुलूप आहे आणि किल्ली एका ठरलेल्या खिळ्याला टांगलेली असते. खिळ्यावर किल्ली असेल त्यानेच ती घ्यायची आणि मोटर चालवायची. नसेल तर थांबायचं.

मी लिहिलेलं ‘लोकल आयआरक्यू डिसेबल’ म्हणजे थोरल्याच्या घरातली दटावणी. ज्या कोअरवर प्रोग्राम चालू आहे त्याच कोअरचे इंटरप्ट बंद. टायमर दुसऱ्या कोअरवर असेल तर तो खुशाल येऊन खोकं आपल्याकडे वळवतो.

मग दहा मिनिटांच्या चाचणीत का नाही सापडलं? कारण टायमर सुरू व्हायचा प्रोग्रामने डिव्हाइस उघडल्यावर, आणि कर्नलचा टायमर ज्या कोअरवर सुरू केला त्याच कोअरवर पुन्हा पुन्हा वाजत राहतो. मशीन रिकामं असेल तर प्रोग्रामही त्याच कोअरवर बसून राहतो. दोघं एकाच घरात, दटावणी पुरते. पण त्या कोअरवर दुसरं काही काम आलं की कर्नल प्रोग्रामला उचलून मोकळ्या कोअरवर बसवतो. आता टायमर एका घरात आणि प्रोग्राम दुसऱ्या. एक मिलिसेकंदाचं वाचन, दर दहा मिलिसेकंदांनी टायमर, म्हणजे ढोबळ हिशेबाने दहातलं एक वाचन भेसळीचं.

आणि ते दुसरं काम कुठलं? दुसऱ्या पाळीत सुपरवायझर घरी गेला की पोरं त्या नव्या कॉम्प्युटरवर गाणी लावायची.

भाऊंनी हे महिनाभर बघितलं होतं. काटा उतरलेला, स्क्रीनवर पास. गाणी बंद, की पुन्हा जुळतंय. त्यांनी ते सांगितलंही होतं, बिचाऱ्यांना फक्त कोअर, इंटरप्ट हे शब्द माहीत नव्हते. आमच्या कंपनीत एवढा नेमका बग रिपोर्ट टेस्टिंगच्या लोकांकडूनही क्वचित मिळायचा.

पुरावा हवा होता. मशीन रिस्टार्ट करून बूटच्या ओळीत ‘मॅक्ससीपीयूज = १’ असं लिहिलं, म्हणजे कर्नल एकच कोअर वापरतं. गाणी लावली, मोठ्याने. मुद्दाम गळका नग लावला. तासभरात एकही उडी नाही. पुन्हा दोन कोअर, पुन्हा गाणी, दुसऱ्याच नगाला उडी. मामा पाठीमागे उभे होते. त्यांना आकडे दाखवले आणि म्हटलं, "मामा, भाऊंची चूक नाही. माझी आहे."

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आधी दुरुस्त कर. मग बोलू."

तेव्हा मी बसून नीट वाचलं, जे मे महिन्यातच वाचायला हवं होतं. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली ३८६ वर लिनक्स लिहायला घेतलं तेव्हा प्रोसेसर एकच होता. १९९६ च्या जूनमध्ये २.० आलं आणि त्यात अनेक प्रोसेसरची सोय आली, अ‍ॅलन कॉक्सने त्यावर बरंच काम केलं होतं. पण ती सोय म्हणजे अख्ख्या कर्नलला मिळून एक मोठं कुलूप. एक प्रोसेसर आत असेल तर बाकीचे दाराबाहेर. पुढे २.२ आणि २.४ मध्ये हळूहळू छोटी छोटी कुलपं आली. जुन्या ड्रायव्हरांचं काय? त्यांच्या पोटात जागोजागी ‘सीएलआय’ होतं. म्हणून कर्नलने त्याचा अर्थ बदलून ठेवला. अनेक प्रोसेसरच्या मशीनवर ‘सीएलआय’ म्हटलं की सगळ्याच प्रोसेसरांचे इंटरप्ट बंद व्हायचे. एका विहिरीसाठी अख्ख्या गावाची वीज बंद! सुरक्षित, पण हळू, आणि आतून फार गुंतागुंतीचं. २००२ च्या जुलैमध्ये, २.५.२८ ला, इंगो मोल्नार यांनी ते काढूनच टाकलं. शेकडो ड्रायव्हर मोडले. काही जण चिडले. पण हेतू स्पष्ट होता, की प्रत्येक लेखकाने स्वतः ठरवावं, आपण नेमकं काय जपतोय आणि कोणापासून. ज्यांना कोणी वाली नव्हता त्या ड्रायव्हरांना ‘अनेक प्रोसेसरवर मोडकं’ असा शिक्का मारून बाजूला ठेवलं गेलं, म्हणजे तशा मशीनसाठी ते कंपाइलच होऊ नयेत. एका प्रोसेसरच्या कर्नलमध्ये मात्र ‘सीएलआय’ तात्पुरतं चालू ठेवलं होतं.

म्हणजे मला आलेली ती एरर ही एरर नव्हती. दारावर मुद्दाम लावलेली पाटी होती. मी पाटी काढून आत शिरलो होतो. गंमत म्हणजे मी जुनंच २.४ कर्नल दोन कोअरवर चालवलं असतं तर माझं जुनं ‘सीएलआय’ जसंच्या तसं बरोबर चाललं असतं.

दुरुस्तीला दोन दिवस लागले. आता हे रटाळ वाटेल, पण जुन्या ड्रायव्हरांशी गाठ पडणाऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून लिहितो. पहिलं काम कुलूप घालायचं नव्हतंच. कागद घेतला आणि लिहून काढलं की वाटून घेतलेली वस्तू कोणती, आणि तिला कोण कोण हात लावतं. वस्तू म्हणजे पोर्ट आणि खोक्यातला तो एकुलता एक आकडा. हात लावणारे दोघे, वाचन आणि टायमर. मग एक स्पिनलॉक. वाचताना ‘स्पिन लॉक आयआरक्यूसेव्ह’, म्हणजे किल्लीही घ्यायची आणि आपल्या घरच्यांना दटावायचंही. दोन्ही हवं. नुसती किल्ली घेतली आणि आपल्याच कोअरवर टायमर आला तर तो किल्लीची वाट बघत बसणार, आणि किल्ली ज्याच्याकडे आहे त्याला त्यानेच थांबवून ठेवलेलं. दोघंही जन्मभर तिथेच. आणि टायमरच्या बाजूनेही तेच कुलूप हवं, हे सांगायला नको असं वाटतं, पण मी पहिल्या प्रयत्नात एकाच बाजूला लावलं होतं. एका भावाने किल्ली पाळायची आणि दुसऱ्याने नाही, याला काय अर्थ आहे?

दुसरी चूक कर्नलने पकडून दिली. वाचलेला आकडा प्रोग्रामच्या मेमरीत पोचवणं मी कुलपाच्या आतच ठेवलं होतं. त्या कामात कर्नलला झोपावं लागू शकतं, मेमरीचं पान डिस्कवरून आणायचं असेल तर. स्पिनलॉकवर थांबणारा झोपत नाही, तो खिळ्याकडे डोळे लावून उभा असतो. किल्ली खिशात घालून मालकच झोपला तर संपलंच. २.६.१८ मध्ये मोल्नार आणि अर्यन व्हॅन द व्हेन यांनी लिहिलेला कुलपांचा तपासनीस नुकताच आला होता. तो आणि त्याच्या सोबतच्या तपासण्या चालू करून कर्नल पुन्हा बांधलं. त्या मशीनवर रात्रभर लागली त्याला, पण सकाळी स्क्रीनवर भली मोठी वॉर्निंग हजर. लाज वाटली आणि बरंही वाटलं.

तिसरी तर लपूनच बसली होती. प्रोग्राम बंद करताना मी टायमर काढून टाकायचो, ‘डेल टायमर’ म्हणून. एका प्रोसेसरवर ते पुरतं. दोन असतील तर आपण इकडे टायमर काढतोय तेव्हाच तो तिकडे धावत असू शकतो, आणि आपण त्याच्या पायाखालची मेमरी परत देऊन बसतो. अख्खं मशीन कोसळतं. पाळी संपताना कधीतरी मशीन आपोआप बंद पडतं अशी तक्रार होती, ती सगळ्यांनी एमएसईबीच्या नावावर खपवली होती. तिथे ‘डेल टायमर सिंक’ हवं, जे दुसऱ्या कोअरवरचा संपेपर्यंत थांबतं.

हे सगळं झाल्यावर दोन्ही कोअर भरून टाकणारे निरर्थक प्रोग्राम लावले, गाणी लावली, तीन गळके नग आलटून पालटून लावत राहिलो. रविवारी रात्रीपर्यंत एकही उडी नाही. सोमवारी रजा टाकली.

अशा चुका मोठ्या लोकांच्याही होतात असं मी स्वतःला समजावत होतो. २००३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिका-कॅनडात सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली. कंट्रोल रूममधली धोक्याची सूचना देणारी यंत्रणा तासाहून जास्त वेळ मुकी होती, आणि तिच्या मुळाशी असलाच बग होता. दोघांनी एकाच वेळी एकाच माहितीत हात घातला. तिथले ऑपरेटरही स्क्रीनवर विश्वास ठेवून बसले होते. पण अमेरिकेची वीज गेली म्हणून माझं काही हलकं होईना. भाऊ पलीकडे कानस चालवत होते आणि तो आवाज सारखा ऐकू येत होता.

सोमवारी सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी मामांनी सगळ्यांना बोलावलं. मामा भाषण करणारा माणूस नाही. एवढंच म्हणाले, "भाऊ बरोबर होते. मशीन चुकलं होतं. भाऊ टेस्टिंगला बसतील. मागचा भत्ता मिळेल." मी मधेच म्हणालो, "मशीन नाही, मी चुकलो होतो. आणि काट्याकडे बघू नका असंही मीच सांगितलं होतं." पोरं एकमेकांकडे बघायला लागली. भाऊंनी हात पुसले, पार्टिशनमागे गेले, स्टुलावरचा भुसा झटकला आणि बसले.

थोड्या वेळाने मी चहा घेऊन गेलो. काय बोलावं कळेना. म्हटलं, "भाऊ, माझ्यामुळे तुम्हाला..." त्यांनी हातानेच थांबवलं. म्हणाले, "भाचे, एक विचारू? ते गाण्यांचं तुम्ही खरं मानलं ना?" मी हो म्हटलं. "घरी पोरगीपण हसली होती," ते म्हणाले. चहा प्यायले आणि वही ओढून घेतली. पट्टीने एक रेघ मारली आणि नव्या रकान्यावर लिहिलं, ‘काटा’.

तेव्हापासून वहीत दोन रकाने आहेत. स्क्रीन आणि काटा. जुळले नाहीत तर नग बाजूला. ग्राहक परत मिळवायला मामांना वर्ष लागलं. लिनक्सलाही ते पहिलं मोठं कुलूप पूर्ण काढायला २०११ चा मे उजाडला, २.६.३९ मध्ये गेलं ते. तोवर माझ्या हाताखालून असे बरेच ड्रायव्हर गेले, ऑफिसातले, कुणाकुणाचे जुने. आता खिशातल्या फोनलाही आठ कोअर असतात आणि ‘सीएलआय’च्या भरवशावर कोणी कोड लिहीत नाही. पण जुना कोड कुठे कुठे पडलेला असतो, आणि तो कंपाइल करून देणारा एखादा भाचा सगळीकडेच असतो.

तर आता प्रश्न नव्या मशीनचा आहे. दुकानात पॅरलल पोर्टवाला बोर्ड मिळत नाही. कार्ड घालून मिळेल, किंवा खोकंच नवं बनवून यूएसबीवर आणावं लागेल. ते करायचंय म्हणूनच सीडी शोधत होतो, ती सापडली, वाचताही आली. भाऊ केव्हाच रिटायर झालेत. हल्ली टेस्टिंगला एक मुलगी बसते. मामांना फोनवर विचारलं, मग सध्या काम बंद आहे का?

"बंद कशाला?" मामा म्हणाले. "काटा आहे ना. तू ये सावकाश."